अंटार्क्टिकाच्या जहाज-सफरीला जाताना : रुग्ण आणि कुटुंबीयांसाठी वैद्यकीय माहिती

पेंग्विन, सील आणि देवमासे पाहण्यासाठी अंटार्क्टिकाला जाणारे प्रवासी आता मुंबई-पुण्यातूनही निघतात. त्यांत निवृत्त जोडपी बरीच असतात. कोणाला रक्तदाब, कोणाला मधुमेह, कोणाला दोन्ही. एखाद्याला स्टेंट बसवलेला असतो, एखादीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असते. दवाखान्यात येऊन बहुतेक जण पहिला प्रश्न एकच विचारतात, "डॉक्टर, तिथली थंडी मला झेपेल का?"

थंडीची व्यवस्था करता येते. चांगले कपडे मिळतात, जहाज आतून उबदार असते आणि उन्हाळ्यात अंटार्क्टिक द्वीपकल्पावरचे तापमान बहुधा उणे ५ ते अधिक ५ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. काळजीचे कारण वेगळे आहे. घरी असताना जे दुखणे दोन तासांत आटोक्यात येते, त्यासाठी तिथून रुग्णालय गाठायला दोन-तीन दिवस लागू शकतात. त्यामुळे "थंडी झेपेल का" याऐवजी "माझा आजार दोन-तीन दिवस रुग्णालयाशिवाय सांभाळता येईल का" असे विचारायला हवे. पुढची सगळी माहिती या प्रश्नाभोवती आहे.

प्रवास कसा असतो

बहुतेक जहाजे अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला असलेल्या उशुआया बंदरातून निघतात. हंगाम नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे तिथला उन्हाळा. तिथून ड्रेक सामुद्रधुनी ओलांडायला जाताना साधारण दोन दिवस आणि येताना दोन दिवस लागतात. ही सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागीही सुमारे ८०० किलोमीटर रुंद आहे आणि जगातल्या सर्वांत खवळलेल्या समुद्रांपैकी एक मानली जाते. काही कंपन्या चिलीतल्या पुंता अरेनास शहरातून किंग जॉर्ज बेटापर्यंत विमानाने नेतात. ते उड्डाण सुमारे दोन तासांचे असते, पण धुके किंवा वारा असेल तर एखादा दिवस अडकून पडावे लागते.

द्वीपकल्पाजवळ पोहोचल्यावर दिवसातून एक-दोनदा झोडियाक नावाच्या रबरी मोटरबोटीतून किनाऱ्यावर उतरवतात किंवा बोटीतूनच हिमनगांमध्ये फिरवतात. पर्यटन कंपन्यांच्या आयएएटीओ या १९९१ साली स्थापन झालेल्या संघटनेच्या नियमांनुसार एका जागी एका वेळी १०० पेक्षा जास्त प्रवासी उतरवत नाहीत आणि ५०० पेक्षा जास्त प्रवासी असलेले जहाज कोणालाच उतरवत नाही. ज्यांना चालणे, बोटीत चढ-उतार करणे अवघड आहे त्यांनी हे लक्षात ठेवावे. मोठ्या जहाजाच्या गॅलरीतूनही देवमासे आणि हिमनग दिसतात. "उतरायला मिळालं नाही तर काय अर्थ" असे म्हणणाऱ्या नातेवाइकांनी आधी आजीचे गुडघे पाहावेत.

जहाजावर कोणते उपचार मिळतात

अशा जहाजांवर सहसा एक डॉक्टर आणि छोटा दवाखाना असतो. ईसीजी काढता येतो, ऑक्सिजन देता येतो, हृदय थांबल्यास विजेचा झटका देणारे यंत्र असते, सलाईन आणि नेहमीची इंजेक्शने असतात, जखमेला टाके घालता येतात, हाताला आधारपट्टी बांधता येते. पण रक्तपेढी, सीटी स्कॅन, अँजिओप्लास्टी, डायलिसिस किंवा दिवसेंदिवस व्हेंटिलेटरवर ठेवण्याची सोय यांपैकी काहीच नसते. मेंदूच्या झटक्यात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आपण पहिल्या साडेचार तासांत देतो, पण त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. जहाजावर ती खात्री करता येत नाही.

रुग्णाला हलवायचे झाल्यास जहाजाला किंग जॉर्ज बेटावरच्या चिलीच्या तळाजवळ न्यावे लागते. तिथे खडीची धावपट्टी आहे. हवामान साथ देईल तेव्हा पुंता अरेनासहून विमान येते. नाहीतर जहाजच मागे वळवून ड्रेक पुन्हा ओलांडायची. किनाऱ्यावरून हेलिकॉप्टर बोलावले की तासाभरात येईल, अशी समजूत करून घेऊ नका.

या एकाकीपणाची कल्पना यावी म्हणून एक जुनी हकिगत सांगतो. १९६१ साली सोव्हिएत संघाच्या नोव्होलाझारेव्स्काया तळावर लिओनिद रोगोझोव हे एकटेच डॉक्टर होते. त्यांना अपेंडिसायटिस झाला. बाहेर वादळ आणि दुसरा डॉक्टर नाही. त्यांनी भूल फक्त पोटाच्या त्वचेला दिली आणि सहकाऱ्यांनी धरलेल्या आरशात पाहत स्वतःचेच अपेंडिक्स काढले. भारताचा मैत्री हा तळ त्याच शिरमाकर ओअॅसिस भागात आहे. पर्यटकांची जहाजे त्या बाजूला जात नाहीत, पण द्वीपकल्पाकडेही अंतर आणि हवामान यांच्यापुढे पैशाचे फारसे चालत नाही.

वैद्यकीय फॉर्म खरा भरा

कंपनी निघण्यापूर्वी आरोग्याचा फॉर्म मागते. बऱ्याचदा त्यावर डॉक्टरांची सही लागते. मुलांनी आई-वडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाची भेट म्हणून तिकिटे आधीच काढलेली असतात, पैसे परत मिळणार नसतात, आणि मग "डॉक्टर, ते जुनं दुखणं लिहू नका, उगाच नाकारतील" असा आग्रह होतो. हा आग्रह मी मान्य करत नाही, आणि तुमच्या डॉक्टरांनाही करू नका. जहाजावरच्या डॉक्टरांकडे तुमच्याबद्दल तो फॉर्म हीच एकमेव माहिती असते. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे हे लपवले आणि डेकवर पडून डोक्याला मार लागला, तर त्या डॉक्टरांचा पहिलाच निर्णय चुकू शकतो. शिवाय लपवलेल्या आजारावरून विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि तिथून रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यभराच्या बचतीला भगदाड पाडू शकतो.

म्हणून क्रम असा ठेवा : आधी तपासणी, मग विमा, शेवटी तिकीट.

कोणी जाऊ नये किंवा थांबावे, याबद्दल माझा स्वतःचा शिरस्ता सांगतो. हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी, बायपास किंवा मेंदूचा झटका यांनंतर विमानप्रवासाला काही आठवड्यांतच परवानगी मिळू शकते, पण अंटार्क्टिकासाठी मी किमान सहा महिने थांबायला सांगतो आणि हृदयरोगतज्ज्ञांचे लेखी मत घेतो. चालताना छातीत भरून येत असेल, हृदयाची पंपिंग क्षमता कमी होऊन पाय सुजत असतील, घरी ऑक्सिजन लागत असेल, डायलिसिस चालू असेल, गेल्या काही महिन्यांत फिट आली असेल किंवा साखर सारखी एकदम खाली जात असेल, तर ही सफर नको. विसरभोळेपणा वाढलेल्या ज्येष्ठांबाबत कुटुंबाने विशेष विचार करावा. डिसेंबरात तिथे रात्र जवळजवळ होतच नाही. अनोळखी खोली, हलणारी जमीन आणि सतत उजेड यांमुळे घरी बरी असणारी व्यक्तीही गोंधळून रात्री-अपरात्री केबिनबाहेर पडू शकते.

नियंत्रणात असलेला रक्तदाब, गोळ्यांवर स्थिर असलेला मधुमेह, थायरॉइड किंवा जुना स्टेंट आणि चांगली चालण्याची ताकद, एवढ्यावर सफर अडत नाही. घरच्या घरी एक चाचणी करा : न थांबता तीन जिने चढता येतात का? खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठता येते का? एका पायावर दहा सेकंद उभे राहता येते का? ही काही अधिकृत परीक्षा नाही, पण बोटीत चढण्या-उतरण्यासाठी आणि बर्फातल्या चढासाठी नेमके हेच लागते. जमत नसेल तर निघायला तीन-चार महिने असतानाच रोजचे चालणे, जिने आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम सुरू करा.

बोट लागणे : सर्वांत जास्त त्रास याचाच

ड्रेक कधी शांत असते, कधी दोन्ही दिवस लाटांवर लाटा. बोट लागण्याचे कारण साधे आहे. कानातला तोलाचा अवयव मेंदूला "आपण हलतो आहोत" असे कळवतो, डोळ्यांना मात्र केबिनच्या स्थिर भिंती दिसतात. या विसंगतीतून मळमळ, घाम, जांभया आणि उलट्या सुरू होतात. घाटात गाडी लागणाऱ्यांना बोट लागण्याची शक्यता जास्त असते, पण गाडी कधीच न लागलेले लोकही तिथे आडवे होतात.

औषध मळमळ सुरू होण्यापूर्वी घ्यायचे असते. उलट्या लागल्यावर गोळी पोटात टिकत नाही. आपल्याकडे एव्होमीन या नावाने मिळणारे प्रोमेथाझिन, तसेच सिनारिझिन, मेक्लिझिन किंवा डायमेनहायड्रिनेट ही नेहमीची औषधे. सगळ्यांनी कमी-जास्त झोप येते, म्हणून घरी असताना एखाद्या सुट्टीच्या दिवशी एक मात्रा घेऊन पाहा आणि त्या औषधांबरोबर मद्य घेऊ नका. पार्किन्सनच्या रुग्णांनी सिनारिझिन आणि प्रोमेथाझिन टाळावे. उलट्यांसाठी घराघरात असणारी ऑन्डान्सेट्रॉनची गोळी बोट लागणे रोखायला फारशी उपयोगी नाही.

जहाजावर अनेकांच्या कानामागे छोटी गोल चिकटपट्टी दिसेल. ती स्कोपोलामाइनची. निघण्यापूर्वी किमान चार तास लावावी लागते आणि ती तीन दिवस काम करते. पट्टी चांगली आहे, पण शेजाऱ्याने प्रेमाने दिली म्हणून लावू नका. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी तिच्यामुळे पूर्ण तुंबू शकते, आणि समुद्राच्या मधोमध नळी घालून घेण्याची वेळ येते. काचबिंदूच्या एका प्रकारात डोळ्याचा दाब अचानक वाढतो. सत्तरीपुढच्यांना भ्रम होऊ शकतो. पट्टीला हात लावून तोच हात डोळ्याला लागला तर त्या डोळ्याची बाहुली मोठी होते, अंधुक दिसते आणि सगळे घाबरतात. म्हणून पट्टी लावल्यावर आणि काढल्यावर साबणाने हात धुवा.

औषधाखेरीज, जहाजाच्या मध्यभागातली खालच्या मजल्यावरची केबिन घ्या. तिथे हेलकावे कमी जाणवतात. क्षितिजाकडे पाहा. मोबाइल आणि पुस्तक बाजूला ठेवा. उपाशी राहू नका. कोरडी बिस्किटे, भात, केळे असे थोडे थोडे खा. आल्याने काहींना थोडा आराम पडतो, त्यामुळे आलेपाकाच्या वड्या न्यायला हरकत नाही, मात्र मधुमेहींनी त्यातली साखर धरावी.

आता या भागातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. निरोगी माणसाला बोट लागली तर दोन दिवस वाईट जातात, एवढेच. नेहमीच्या गोळ्या चालू असणाऱ्याला मात्र उलट्या आणि उपास यांमुळे धोका होऊ शकतो. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली गोळी घेत असाल आणि खाणे-पिणे बंद पडले, तर रक्तात आम्ल साचू शकते. यात साखर फार वाढलेली दिसत नाही, त्यामुळे ग्लुकोमीटर पाहून खोटा धीर येतो. पोटदुखी, धाप आणि न थांबणाऱ्या उलट्या ही लक्षणे बोट लागण्यावर ढकलली जातात. शरीर कोरडे पडलेले असताना मेटफॉर्मिन, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि रक्तदाबाच्या 'प्रिल' किंवा 'सार्टन' गटातल्या गोळ्या त्रासदायक ठरू शकतात. सल्फोनिल्युरिया गटातली गोळी, म्हणजे ग्लिमेपिराइड वगैरे, न जेवता घेतली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते.

याउलट काही औषधे कितीही उलट्या झाल्या तरी बंद करायची नसतात. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन पूर्ण थांबवणे जीवघेणे ठरते. रोज प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड घेणाऱ्यांनी गोळी उलटून पडली तर लगेच जहाजावरच्या डॉक्टरांकडे जावे, त्यांना इंजेक्शन लागू शकते. फिट्सच्या गोळ्यांचेही तसेच.

म्हणून निघण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्या : "जेवण गेले नाही तर कोणती गोळी थांबवायची, कोणती चालू ठेवायची, कितीदा साखर तपासायची." स्वतःच्या मनाने हा निर्णय घेऊ नका. ओआरएसची पाकिटे जवळ ठेवा. सहा ते आठ तास काहीच पोटात टिकत नसेल, लघवी झाली नसेल किंवा रुग्ण गुंगीत असेल तर डॉक्टरांना केबिनमध्ये बोलवा. "ड्रेकमध्ये असं होतंच" म्हणून वाट पाहू नका.

पडणे, बोटे चिमटणे

हलत्या जहाजात एक हात नेहमी कठड्यावर. दोन्ही हातांत चहा आणि प्लेट घेऊन चालायचे नाही. आंघोळ बसून, दार बंद करताना बोटे चौकटीत नाहीत हे पाहून. जहाजाची दारे जड असतात आणि लाटेबरोबर आपोआप आपटतात; बोटांच्या दुखापती अशाच होतात. बाथरूमचा उंबरठा उंच असतो, रात्री उठताना दिवा लावा. झोपेची गोळी घेऊन डोलणाऱ्या जहाजात अंधारात उठणे म्हणजे खुब्याचे हाड मोडण्याची तयारी. उजेडामुळे झोप येत नसेल तर डोळ्यांवर पट्टी बांधा. साध्या घरच्या सपाता नेऊ नका. मागून बंद असलेले, न घसरणारे बूट न्या.

वॉरफरीन किंवा अॅसिट्रॉम घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच्या आठवड्यात आयएनआर तपासावा. रक्त पातळ करणारे कोणतेही औषध चालू असताना डोक्याला मार लागला, तर दुखत नसले तरी डॉक्टरांना सांगायचेच.

किनाऱ्यावर उतरताना

झोडियाकमध्ये चढताना खलाशी तुमचे मनगट धरतात आणि तुम्ही त्यांचे, दोघांचे हात कोपरापर्यंत एकमेकांना भिडलेले. बोटे धरली तर ओल्या हातमोज्यातून निसटतात. बोटीच्या फुगीर कडेवर बसून सरकायचे, उभे राहायचे नाही. खांदा निखळण्याचा पूर्वेतिहास असेल तर कोणता हात द्यायचा नाही हे आधी सांगा.

किनाऱ्यावर शौचालय नाही आणि खाद्यपदार्थ न्यायला मनाई आहे. या दोन नियमांचा विचार भारतात बसून कोणी करत नाही, आणि तिथे मात्र ज्येष्ठांना सर्वांत जास्त तेच अडचणीचे होतात. उतरणे दोन-तीन तासांचे असते. लघवी वाढवणारी गोळी सकाळी घेऊन लगेच उतरलात तर पंचाईत होते; गोळीची वेळ पुढे ढकलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. पण लघवीच्या भीतीने पाणी पिणे बंद करू नका. बरीच माणसे हेच करतात आणि संध्याकाळी चक्कर येऊन पडतात. प्रौढांचे डायपर वापरण्यात लाज कसली? पाच थर कपड्यांखाली ते कोणालाही दिसत नाही.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी जेवून, साखर तपासून मगच उतरावे. ग्लुकोजच्या गोळ्या वैद्यकीय गरज म्हणून जवळ ठेवायच्या आहेत, हे जहाजाच्या डॉक्टरांना आणि मोहीम-प्रमुखांना पहिल्याच दिवशी सांगून परवानगी घ्या. इन्सुलिनचे पेन आतल्या खिशात, शरीराला लागून ठेवा. गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी निकामीच, फेकून द्या. ग्लुकोमीटरही थंडीत चालत नाही, चुकीचा आकडा किंवा एरर दाखवतो. दम्याचा पंपसुद्धा आतच ठेवा. गार पडलेल्या पंपातून औषध नीट बाहेर येत नाही.

हृदयाच्या रुग्णांसाठी एक विशेष सूचना. थंड हवेने त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. त्यात जड कपडे, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि पेंग्विनच्या वसाहतीकडे जाणारा मऊ बर्फाचा चढ. भरपेट जेवणानंतर लगेच चढू नका. तोंडावर मफलर घ्या. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, अवाजवी धाप असे काही झाले तर जागीच थांबा आणि शेजारच्या मार्गदर्शकाला सांगा. तुमच्या डॉक्टरांनी सॉर्बिट्रेट दिलेली असेल तर बसून जिभेखाली ठेवा. बर्फात बसायला परवानगी नसली तरी अशा वेळी बसायचे. "सगळ्यांची सफर माझ्यामुळे खोळंबेल" या संकोचात वेळ जातो, आणि तिथे वेळच कमी असतो.

बसण्याचा हा नियम पक्ष्यांच्या फ्लूमुळे आला आहे. एच५एन१ विषाणू ऑक्टोबर २०२३ मध्ये दक्षिण जॉर्जियाजवळच्या बर्ड आयलंडवर स्कुआ पक्ष्यांत सापडला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अंटार्क्टिक द्वीपकल्पावर. म्हणून किनाऱ्यावर बसणे, गुडघे टेकणे, आडवे होणे, बॅग जमिनीवर ठेवणे यांना मनाई आहे. बूट प्रत्येक वेळी जंतुनाशकात धुतात. पेंग्विनपासून किमान पाच मीटर दूर राहा. मेलेल्या पक्ष्याला किंवा सीलला हात लावू नका. गुडघे दुखणाऱ्यांनी दोन तास उभे राहावे लागेल हे लक्षात घेऊन कंपनीला काठी नेण्याबद्दल आधीच विचारावे. पेंग्विनच्या विष्ठेवरून पाय सहज घसरतो, त्यासाठीही काठी बरी.

फर सील दिसायला गोंडस, पण धावून येतात आणि चावतात. सीलच्या चाव्यानंतर बोट सुजून खूप दुखू लागले तर त्या जंतूवर पेनिसिलिन चालत नाही, डॉक्सिसायक्लिन गटातले औषध लागते. परतल्यावर भारतातल्या डॉक्टरांना "सील चावला" असे स्पष्ट सांगा. आपण आपणहून ते विचारणार नाही.

थंडी, वारा आणि ऊन

थंडी सर्वांत जास्त बाधते ती चालताना नाही, तर देवमाशाची वाट पाहत बोटीत तासभर स्थिर बसल्यावर. हवा शून्य अंश असली आणि वारा ताशी ४० किलोमीटर असला की त्वचेला ती उणे ७ सारखी जाणवते. फोटोसाठी हातमोजे काढले जातात आणि बोटांची टोके पांढरी, बधिर होतात. असे झाले तर बोटे काखेत धरा. चोळू नका, बर्फ तर मुळीच चोळू नका. आत आल्यावर अर्ध्या तासात रंग आणि संवेदना परतली नाही तर दवाखाना गाठा. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांना बधिरपणा कळतच नाही. त्यांनी रोज संध्याकाळी मोजे काढून पाय डोळ्यांनी पाहावेत, फोड आहे का ते बघावे.

अंगाला लागून सुती बनियन नको. घामाने ओले झालेले सूत थंडगार राहते. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे थर्मल घाला, वर उबदार थर, सर्वांत वर वारा-पाणी अडवणारे जाकीट. मोज्यांची एक जोडी जादा जवळ ठेवा. घट्ट बसतील एवढे मोजे एकावर एक चढवू नका, रक्तपुरवठा कमी होऊन पाय आणखी गार पडतात.

उन्हाची आठवण कोणाला राहत नाही. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. ढगाळ दिवशीही गडद, बाजूंनी झाकलेला गॉगल हवा. नाहीतर सहा ते बारा तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी वाहते, उजेड सहन होत नाही. हे बहुधा एक-दोन दिवसांत बरे होते, पण तेवढे दिवस सफर केबिनच्या अंधारात जाते. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालीही लावा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया अलीकडे झाली असेल तर नेत्रतज्ज्ञांना विचारून निघा.

बर्फाच्या पाण्यातली उडी

अनेक जहाजांवर एका दिवशी प्रवाशांना कमरेला दोर बांधून समुद्रात उडी मारू देतात. पाणी शून्याच्या आसपास असते. पहिल्या मिनिटात श्वास आपोआप आत ओढला जातो, नाडी आणि रक्तदाब एकदम चढतात. हृदयरोग, अनियंत्रित रक्तदाब, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, फिट्स, दमा किंवा गर्भारपण असेल तर ही उडी नाही. साठीपुढच्यांनी, स्वतःला कितीही तरुण समजत असलात तरी, टाळ्या वाजवणाऱ्यांत उभे राहावे. मद्य पिऊन तर कोणीच नाही.

सामान, विमा, लसी आणि परतीचा प्रवास

औषधे सफरीच्या दिवसांपेक्षा किमान दहा दिवस जास्त पुरतील इतकी घ्या, दोन भाग करा आणि दोन्ही हातातल्या सामानात, वेगवेगळ्या बॅगांत ठेवा. मोठी बॅग हरवली तर उशुआयात तुमच्या भारतीय ब्रँडची गोळी मिळणार नाही. प्रिस्क्रिप्शनवर औषधाचे मूळ नाव इंग्रजीत टाइप करून घ्या, सोबत जुना ईसीजी आणि आजारांचा एक पानी सारांश. आखाती देशांमार्गे जाणार असाल तर ट्रामाडोल, कोडीन आणि झोपेच्या गोळ्यांबाबत तिथले नियम आधी तपासा, ते कडक आहेत. उशुआयाचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे आहे; इन्सुलिनच्या वेळा कशा सरकवायच्या ते तारखेनिशी लिहून घ्या.

विमा घेताना एजंटला तीन गोष्टी लेखी विचारा : अंटार्क्टिका वगळलेले नाही ना, जुन्या आजारातून आलेली तातडीची स्थिती धरली आहे ना, आणि तिथून विमानाने हलवण्याचा खर्च किती रकमेपर्यंत मिळेल. तोंडी आश्वासनाला अर्थ नाही.

फ्लूची लस निघण्यापूर्वी किमान दोन आठवडे घ्या. जहाज म्हणजे बंद घर. एकाला ताप आला की पाच जणांना येतो. जुलाब-उलट्यांच्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर पुरेसा पडत नाही, जेवणापूर्वी साबणाने हात धुवा. जुलाब झाले तर लपवू नका.

पिवळ्या तापाची लस अनेकांना अनपेक्षित असते. अंटार्क्टिकात डास नाहीत, मग लस कशाला? कारण वाट अर्जेंटिना किंवा ब्राझीलमधून जाते आणि हे दोन्ही देश भारताच्या पिवळ्या तापाच्या यादीत आहेत. अशा देशातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत प्रमाणपत्राशिवाय भारतात उतरलात तर विलगीकरणात ठेवण्याचा नियम आहे. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. मात्र ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीपुढे पहिल्यांदा घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका थोडा वाढतो. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे, थायमस ग्रंथीचा आजार किंवा अंड्याची तीव्र अॅलर्जी असेल तर ती देत नाहीत. त्यामुळे शेवटच्या आठवड्यात केंद्रावर धावू नका. दोन महिने आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला, लस घेता येत नसेल तर प्रवासाचा मार्ग आणि त्या वेळचा नियम पाहून ठरवा.

घरी परतल्यावर दोन-तीन दिवस जमीन डोलल्यासारखी वाटते, विशेषतः आंघोळीच्या वेळी डोळे मिटले की. ते आपोआप जाते. त्या दिवसांत गाडी चालवू नका. महिनाभर टिकले तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. लांब विमानप्रवासानंतर एकच पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक धाप लागली तर पायातल्या रक्तवाहिनीत गुठळी झाली असण्याची शक्यता असते, त्याच दिवशी रुग्णालयात जा. परतल्यानंतर दहा दिवसांत ताप, खोकला किंवा डोळे लाल झाले तर डॉक्टरांना कुठून आलात, आणि पक्षी-सीलच्या किती जवळ गेला होतात, हे आधी सांगा.